व्यापाराने देशाचं उत्सर्जन वाढतं की घटतं? कोळशाच्या टनात मांडलेला हिशेब

तुमचा प्रश्न असा आहे: एम. ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही जे शोधनिबंध वाचलेत, त्यांतल्या काहींत व्यापार वाढला की देशाचं कार्बन उत्सर्जन वाढतं असं निघतं, काहींत नेमकं उलट. हरित तंत्रज्ञान आणि अक्षय ऊर्जेने उत्सर्जन घटतं यावर मात्र बहुतेकांचं एकमत. आणि तरीही भारतात निम्मी वीजक्षमता कोळसा-वायूबाहेरची झाली, पण उत्सर्जन खाली आलेलं नाही. मग यातलं मानायचं काय?

दोन्ही प्रकारचे निबंध आपापल्या आकड्यांपुरते बरोबर असू शकतात. गडबड होते ती व्यापार, तंत्रज्ञान आणि ऊर्जा या तीन गोष्टी सुट्या धरल्यामुळे. मी फौंड्र्या (धातू ओतणारे कारखाने) आणि इंजिनीअरिंग कारखान्यांची ऊर्जा-तपासणी करतो आणि अलीकडे निर्यातदारांचा कार्बनचा हिशेबही मांडून देतो. कुठलाही हरित दावा समोर आला की मी आधी एवढंच विचारतो: यामुळे कोळसा कमी जळला का, किती, आणि कुणाच्या हद्दीत? तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मी याच वाटेने देतो.

आधी व्यापार. १९९१ मध्ये जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या मुक्त व्यापाराचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासताना तीन वाटा वेगळ्या केल्या. उत्पादन एकूणच वाढतं, म्हणून धूर वाढतो. देशात कुठले उद्योग राहतात आणि कुठले बाहेर जातात हे बदलतं, म्हणून धूर वाढेल किंवा घटेल. आणि चांगली यंत्रं, चांगल्या पद्धती आयात होतात, म्हणून नगामागचा धूर कमी होतो. पहिली वाट उत्सर्जन वाढवणारी, तिसरी घटवणारी, आणि मधली कुठेही वळू शकते. कुठल्या देशात कुठली वाट भारी पडते, त्यावर निबंधाचा निष्कर्ष ठरतो. ज्याच्या नमुन्यात बांगलादेश, व्हिएतनाम, भारत असे देश आहेत त्याला एक उत्तर मिळेल. डेन्मार्क-स्वीडन घेणाऱ्याला दुसरं.

मधल्या वाटेचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. ३० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन गोष्टी बंद झाल्या. रॅटक्लिफ-ऑन-सोर इथलं देशातलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, आणि वेल्समधल्या पोर्ट टॅलबट इथल्या टाटा स्टीलच्या कारखान्यातली शेवटची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे कोळशाच्या कोकवर लोहखनिजातून लोखंड काढणारी भट्टी. तिच्या जागी भंगार वितळवणारी विद्युत भट्टी येणार आहे. खर्च सव्वा अब्ज पौंड, त्यातले ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकारचे. या बदलाने ब्रिटनचं एकूण उत्सर्जन सुमारे दीड टक्क्याने कमी होईल असं सांगितलं गेलं. एका कारखान्याने देशाचा आकडा दीड टक्का हलवावा, ही मोठीच गोष्ट.

पण नवी भट्टी उभी राहायला काही वर्षं लागणार. तोवर पोर्ट टॅलबटच्या रोलिंग मिल बंद ठेवायच्या नव्हत्या, म्हणून स्लॅब आणि कॉइल (पोलादाचे जाड पाट आणि पत्र्याच्या गुंडाळ्या) नेदरलँड्स आणि भारतातून आणायचं कंपनीने जाहीर केलं. त्याच सप्टेंबरात ओडिशात कलिंगनगरला टाटा स्टीलचीच नवी ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, देशातल्या सगळ्यांत मोठ्या भट्ट्यांपैकी एक. ती भारताच्या स्वतःच्या मागणीसाठी बांधलेली आहे, पोर्ट टॅलबटच्या बदल्यात नव्हे; तसा अर्थ कुणी काढू नये. पण ब्रिटनच्या वहीतून भट्टीचं उत्सर्जन ज्या दिवशी पुसलं गेलं, त्या दिवशी तिथल्या पोलादाची गरज संपली नव्हती. आयात केलेल्या प्रत्येक टन स्लॅबचं उत्सर्जन दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या नावावर चढलं. विद्युत भट्टी चालू झाली की मात्र होणारी घट खरी असेल, कारण तेव्हा कोळसा खरोखर जळणार नाही. एकाच प्रकल्पात आधी नुसती हलवाहलव आणि मग प्रत्यक्ष कपात, दोन्ही आहेत. दहा वर्षांची सरासरी काढणाऱ्या निबंधांतल्या समीकरणाला हा फरक दिसत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात देशाचा हिशेब हद्दीवर चालतो. माल जिथे बनला, उत्सर्जन तिथलं. वापरणाऱ्याच्या नावावर हिशेब मांडायची पद्धतही आहे, तिला उपभोगाधारित हिशेब म्हणतात. त्यात ब्रिटनची १९९० नंतरची घट बरीच कमी दिसते आणि चीनचा आकडा थोडा हलका होतो. भारतही आयातीतून घेतो त्यापेक्षा निर्यातीतून जास्त कार्बन बाहेर पाठवतो, चीनच्या मानाने कमी. आणि आंतरराष्ट्रीय जहाजं आणि विमानं यांचं इंधन कुठल्याच देशाच्या बेरजेत धरलं जात नाही. माल ज्यावर बसून जातो ते जहाजच राष्ट्रीय आकड्यातून गळलेलं असेल, तर ‘व्यापाराचा उत्सर्जनावरचा परिणाम’ अर्धवट मोजला जाणार हे उघड आहे.

उत्सर्जन दुसऱ्या देशाच्या नावावर ढकलायची ही पळवाट बुजवायला युरोपीय संघाने सीमेवर कार्बन शुल्क आणलं. निर्यातदार त्याला सीबॅम म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलाद, अल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज एवढं त्यात येतं. शुल्क एकदम लागत नाही. युरोपातल्या कारखान्यांना मिळणारे उत्सर्जनाचे मोफत परवाने जसजसे कमी होतील तसं ते चढत जाईल: २०२६ मध्ये पूर्ण शुल्काच्या अडीच टक्के, २०३० मध्ये साधारण निम्मं, २०३४ मध्ये पूर्ण. व्यापारानेच उत्सर्जन घटवण्याचा हा प्रयोग आहे आणि त्याची पहिली झळ आपल्याकडच्या मधल्या आकाराच्या कारखान्यांना बसते आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीत चला. समजा ती बिडाचे पाइप-फिटिंग ओतते आणि माल जर्मनीला जातो. एक टन धातू वितळवायला जुन्या कपोलाला, म्हणजे कोक जाळणाऱ्या उभ्या भट्टीला, साधारण १२० ते १४० किलो कोक लागतो. एक किलो कोक जळला की जवळपास ३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे टनामागे ४०० किलोच्या आसपास. तेच काम इंडक्शन भट्टी ६०० युनिटच्या आसपास विजेत करते. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोपेक्षा थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे टनामागे सव्वाचारशे-साडेचारशे किलो. देशाच्या दृष्टीने कपोला काढून इंडक्शन बसवली तर फक्त वितळवण्याच्या कामात फारसा फरक पडला नाही; कोक शिरोलीत जळायचा, त्याऐवजी कोळसा चंद्रपूरच्या किंवा पारसच्या वीजकेंद्रात जळला. (फौंड्रीच्या छपराखालची हवा सुधारली, कामगारांच्या छातीला आराम पडला, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मी इंडक्शनच बसवा असं सांगतो. पण तो वेगळा फायदा आहे.)

युरोपचं शुल्क या दोन फौंड्र्यांकडे कसं बघतं पाहा. लोखंड-पोलाद, अल्युमिनियम आणि हायड्रोजन यांच्या बाबतीत सध्याच्या नियमात फक्त थेट उत्सर्जन धरलं जातं; विकत घेतलेल्या विजेचं धरलं जात नाही. म्हणून कपोलावाल्याचे ४०० किलो मोजले जातात आणि इंडक्शनवाल्याचे जवळपास शून्य. बरेच मालक मला विचारतात की छपरावर सोलर बसवलं तर सीबॅम किती कमी होईल. उत्तर आहे, काहीच नाही. वीजबिल कमी होईल, देशाचा कोळसाही वाचेल, पण या शुल्कात पैसाही कमी होणार नाही. ज्या नियमाचा हेतू उत्सर्जन घटवण्याचा, तोच नियम फौंड्रीला सोलरसाठी काही बक्षीस देत नाही. हे ठाऊक नसल्याने सल्लागारांच्या नादी लागून लोकांनी चुकीच्या जागी पैसा घातलेला मी पाहिला आहे.

शुल्काचा मोठा भाग भट्टीत नव्हे, चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या कच्च्या मालात असतो. टनाच्या चार्जमध्ये ३० टक्के पिग आयर्न (ब्लास्ट फर्नेसमधून निघालेलं कच्चं लोखंड) टाकलं, गोव्याहून किंवा कर्नाटकातून आलेलं, तर त्या ३०० किलोंमागे ब्लास्ट फर्नेसमध्ये प्रत्येक टनाला २ टनांच्या आसपास उत्सर्जन झालेलं असतं. म्हणजे ६०० किलो, वितळवण्यापेक्षा जास्त. भंगाराचं मात्र शून्य धरतात. त्यामुळे पिग आयर्न कमी करून स्टीलचं भंगार वाढवायचं, कार्बन आणि सिलिकॉन वरून मिळवायचं, आणि रसायन सांभाळायला स्पेक्ट्रोमीटरवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) जास्त लक्ष द्यायचं, हा त्या फौंड्रीपुरता सगळ्यांत स्वस्त मार्ग ठरतो.

आणि इथे तुमच्या प्रश्नाचा गाभा येतो. देशात भंगार मर्यादित आहे. कोल्हापूरच्या निर्यातदाराने ते जास्त उचललं तर जालन्याच्या सळईवाल्याला तेवढं कमी मिळेल, आणि तो स्पंज आयर्न (खनिज न वितळवता बनवलेलं लोखंड) वाढवेल. भारत स्पंज आयर्नचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे आणि आपलं बरंचसं स्पंज आयर्न कोळशावर बनतं. निर्यातीच्या मालाचा कार्बन घटला, देशातल्या इमारतींत जाणाऱ्या सळईचा वाढला, राष्ट्रीय बेरीज जागच्या जागी. आपल्याकडे एक टन कच्च्या पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी १.९ च्या आसपास आहे. ही दरी निर्यातीच्या चार मालांवर शुल्क लावून भरणारी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरवली: तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर हरित, १.६ पेक्षा कमी असेल तर पाच तारे. सरकारी पूल आणि मेट्रो यांच्या निविदांत ही अट आली तर तिचा परिणाम सीबॅमपेक्षा खूप खोल होईल असं माझं ठाम मत आहे, कारण आपलं बहुतेक पोलाद घरातच खपतं.

आता अक्षय ऊर्जा. जुलै २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला, २०३० च्या उद्दिष्टाच्या पाच वर्षं आधी. हे मोठं काम आहे. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. हजार मेगावॉटचं सौर केंद्र रात्र आणि ढग धरून वर्षाला साधारण १.९ अब्ज युनिट देतं. हजार मेगावॉटचं कोळशाचं केंद्र ७० टक्के भारावर चाललं तर ६ अब्जांहून जास्त. म्हणून क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष विजेत सुमारे ७० टक्के वाटा अजून कोळशाचाच आहे.

दुसरी बाजू मागणीची. देशात वर्षाला सुमारे १,८०० अब्ज युनिट वीज तयार होते. मागणी ५ टक्के वाढली तर ९० अब्ज युनिट नवी वीज हवी. २०२४-२५ मध्ये आपण सुमारे २४ गिगावॉट (२४ हजार मेगावॉट) सौर क्षमता वाढवली, आणि हा तोवरचा विक्रम होता. तिच्यातून वर्षाला ४६ अब्ज युनिटच्या आसपास मिळतात. म्हणजे विक्रमी वर्षातही नव्या सौर केंद्रांनी वाढीव मागणीचा निम्मा भाग उचलला. बाकीचा पवन, जल, अणू आणि मुख्यतः कोळशाने. सौरऊर्जेने उत्सर्जन ‘घटवलं’ नाही, ‘जेवढं वाढलं असतं तेवढं वाढू दिलं नाही’. हे छोटं काम नाही, पण उतरती रेषा हवी असेल तर नवी स्वच्छ वीज मागणीच्या वाढीपेक्षा जास्त हवी. २०२५ मध्ये ते घडलं: सौर-पवनाची भर मोठी होती, पाऊस चांगला, उन्हाळा तुलनेने सौम्य, मागणी फारशी वाढली नाही, आणि कोळशावरची वीजनिर्मिती आदल्या वर्षापेक्षा कमी झाली. कारणांत हवामानाचा हात असल्याने एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका. पण हिशेब कुठल्या बिंदूवर उलटतो, ते या वर्षाने दाखवून दिलं.

संध्याकाळी सातला काय होतं हा यातला सगळ्यांत अवघड भाग. दुपारी सूर्याची वीज ओसंडते, राजस्थानात पारेषण वाहिन्या कमी पडल्याने काही प्रकल्पांना वीज कापावी लागते, आणि दिवेलागणीला सगळा भार परत कोळशाच्या संचांवर. उपाय म्हणून बॅटरी येत आहेत, आणि पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्पही. आपल्या घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून याच तत्त्वावर चालतो. पण मला महाराष्ट्राची एक गोष्ट जास्त मोलाची वाटते: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. शेतीचे फीडर (वीजवाहिन्या) त्याच भागातल्या छोट्या सौर केंद्रांना जोडायचे आणि पंपांना दिवसा वीज द्यायची. आजवर शेतकरी रात्री दोनला टॉर्च घेऊन, विंचूकाट्यातून मोटर चालू करायला जायचा, आणि ती वीज कोळशाची असायची. मागणीच रात्रीतून दिवसात आणली, तर साठवणुकीचा खर्च न करता सौर युनिट थेट कोळशाचं युनिट हटवतं. माझ्या दृष्टीने हा उत्तम दर्जाचा हरित शोध आहे, आणि तो कुठल्याच पेटंटच्या यादीत नसतो.

यावरून तुमच्या ‘हरित नवोन्मेष’ या चलाकडे येतो. निबंधांत तो बहुधा पेटंटच्या संख्येने मोजलेला असतो. पेटंट म्हणजे कल्पना नोंदवली गेली एवढंच. तिने कोळसा वाचायचा तर ती स्वस्त व्हायला हवी आणि पसरायला हवी, आणि ते काम व्यापार करतो. सौर पॅनेलची गोष्ट बघा. तंत्र मुख्यतः अमेरिकेत जन्मलं, जर्मनीने २००० च्या कायद्याने ठराविक दर देऊन मागणी उभी केली, चीनने प्रचंड कारखाने उभारले. जगातलं उत्पादन दर वेळी दुप्पट झालं की किंमत सुमारे वीस टक्क्यांनी उतरत गेली. आपल्याकडे राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या लिलावात, २०१० मध्ये, सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैसे होती. २०१७ मध्ये राजस्थानात भडला इथे २ रुपये ४४ पैसे, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. या घसरणीत भारतीय पेटंटांचा वाटा नगण्य. एलईडीचंही तसंच: उजाला योजनेत सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली आणि दिव्याचा खरेदीदर २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आणला. शोध जुनाच होता, नवी होती खरेदीची रीत.

मग आयातीवर जकात लावली तर काय? १ एप्रिल २०२२ पासून आपण सौर मॉड्यूलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावलं, सोबत मंजूर उत्पादकांची यादीही. देशी पॅनेल पुरेशी नव्हती, प्रकल्प रेंगाळले, आणि शेवटी ती यादी मार्च २०२४ पर्यंत स्थगित ठेवावी लागली. नुसता उत्सर्जनाचा हिशेब केला तर जकातीने काही काळ कोळसा जास्त जाळला. पण पॅनेलच्या जवळपास प्रत्येक टप्प्याचं ८० टक्क्यांहून जास्त उत्पादन एकट्या चीनमध्ये आहे, आणि त्या एका देशावर वीस वर्षं विसंबणंही धोक्याचं. मी जकातीच्या बाजूने आहे, फक्त तिची किंमत कार्बनमध्येही मोजून लोकांसमोर मांडावी.

एक धागा राहिला. मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर युरोप तेवढी वजावट देतो. म्हणून भारताची स्वतःची कार्बन बाजारयोजना, जी २०२३ मध्ये अधिसूचित झाली आणि जिची उत्सर्जन घटवण्याची पहिली उद्दिष्टं २०२५ मध्ये अल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली, कागद या उद्योगांना लागू झाली, तिचा संबंध थेट व्यापाराशी आहे. पैसा ब्रुसेल्सला जायच्या ऐवजी इथल्याच भट्ट्या सुधारायला राहू शकतो. पोलादालाही ही उद्दिष्टं लवकर लागू व्हायला हवीत.

आता प्रबंधाबद्दल. हद्दीवरचं उत्सर्जन आणि उपभोगावरचं उत्सर्जन, दोन्हींवर तेच समीकरण चालवा. व्यापाराच्या गुणकाचं चिन्ह (अधिक की उणे) बदललं तर तोच तुमचा निष्कर्ष. अक्षय ऊर्जेसाठी क्षमता घेऊ नका, निर्मिती घ्या, आणि ती एकूण मागणीच्या वाढीशी ताडून पाहा. एक फट बहुतेक निबंधांत सुटते: देशांचे कार्बनचे आकडे हवेत मोजलेले नसतात, जळालेल्या इंधनावरून काढलेले असतात. मग समीकरणाच्या उजव्या बाजूला पुन्हा ऊर्जावापर किंवा अक्षय ऊर्जेचा वाटा टाकला, तर डावी बाजू उजवीतूनच तयार होते आणि गुणक भक्कम दिसतो. तो शोध नसतो, अंकगणित असतं. मार्गदर्शक हरकत घेणार नसतील तर सत्तर देशांची पॅनेल आकडेवारी (अनेक देशांचे अनेक वर्षांचे आकडे) सोडा आणि जालन्याचं पोलाद किंवा कोल्हापूरचं ओतकाम असा एकच उद्योग घ्या. दहा-बारा कारखान्यांची चार्जची नोंदवही, कोकची बिलं, वीजबिलं आणि निर्यातीची बीजकं मिळवा. मालक सुरुवातीला कां-कूं करतील. पण सीबॅमसाठी हीच कागदपत्रं त्यांना जुळवावी लागतात, तेव्हा हिशेब लावायला मदत करतो म्हणालात तर दार उघडेल.